मनगटावरचा पट्टा आणि भाकर थापणारी आजी

आमच्या वस्तीतल्या एका आजींच्या मनगटावर गेल्या पावसाळ्यात एक काळा पट्टा आला. नातू पुण्याला कंपनीत लागला, पहिल्या पगारातून त्याने तो पाठवला. आजींचा मुलगा सकाळी सातला ऑटो घेऊन निघतो, तो रात्रीच घरी येतो. दिवसभर आजी एकट्या. म्हातारं माणूस पडलं तर हा पट्टा आपोआप ओळखतो आणि घरच्यांना मोबाइलवर कळवतो, असं डब्यावर लिहिलेलं. नातवाने घरातला जुना मोबाइल पट्ट्याला जोडून दिला, फळीवर ठेवला आणि निर्धास्त होऊन परत गेला.

पहिल्याच आठवड्यात पट्ट्याने तीनदा बोंब मारली. पुण्याहून फोन आला, "जयभीम ताई, आजी पडली म्हणून मेसेज आलाय, जरा बघता का?" आम्ही चप्पल न घालता धावलो. आजी चुलीपुढे बसून ज्वारीची भाकर थापत होत्या. आम्हाला धापा टाकताना पाहून त्याच घाबरल्या. "मी कायले पडू वं पोरी? भाकर थापून राहिली न मी!" दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या गोधडी आपटून धूत होत्या. तिसऱ्यांदा आम्ही चालत गेलो. खरं सांगायचं तर चौथ्यांदा गेलोही नसतो.

दिवाळीनंतर एका दुपारी आजी खरोखर पडल्या. मोरीच्या काठावर पाय सरकला, भिंतीला धरत धरत त्या हळूहळू खाली बसल्या आणि मग उठता येईना. पट्टा गप्प. अडीच तासांनी नळ आला म्हणून सांगायला शेजारची सून डोकावली, तेव्हा आजी ओल्या फरशीवर थरथरत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

वॉर्डात अनेक वर्षं ड्युटी केलेल्या आम्हाला हे कळत होतं की हाडापेक्षा त्या अडीच तासांचा घोर जास्त. म्हातारं माणूस कडक जमिनीवर एकाच कुशीवर तास-दोन तास पडून राहिलं की दाबाखालचे स्नायू खराब होऊ लागतात, त्यातली घाण रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. अंग गार पडतं, पाणी कमी होतं, कातडीवर दाबाची जखम सुरू होते. म्हणून पडल्याचं लवकर कळणं ही चैनीची गोष्ट नाही. आजींचं ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर घेऊन चालतात. पण तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न छळत होता. भाकर थापली की ओरडणारा पट्टा माणूस पडल्यावर गप्प कसा बसला? इंजिनिअरिंगला असलेल्या वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन आम्ही विहारात बसलो, तो पट्टा समोर ठेवला आणि समजून घेतलं. जे कळलं ते इथे मांडतो, कारण आता असे पट्टे आणि घड्याळं घरोघरी येऊ लागली आहेत.

पट्ट्याला डोळे नसतात. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान एक चिप असते, तिला अॅक्सेलरोमीटर म्हणतात. मोबाइल आडवा धरला की पडदा आडवा होतो, ते तिच्याच जातकुळीच्या चिपमुळे. चिपच्या आत सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पायांवर तरंगत असतो. हात हलला की तो तुकडा मागेपुढे सरकतो आणि ते सरकणं विजेच्या भाषेत मोजलं जातं. वर-खाली, डावं-उजवं, पुढे-मागे अशा तीन दिशांनी, सेकंदाला साधारण पन्नास वेळा. म्हणजे सेकंदाला दीडशे आकडे आणि दिवसाला जवळपास एक कोटी तीस लाख.

या आकड्यांच्या ढिगातून हाताची कुठली हालचाल चालली आहे ते ओळखायचं, याला जेश्चर रेकग्निशन म्हणतात, म्हणजे हावभाव ओळखणं. माणूस धाडकन पडतं तेव्हा आकड्यांत तीन गोष्टी दिसतात. आधी क्षणभर अंग हलकं होतं, मग जोराचा दणका बसतो आणि नंतर सगळं शांत. हा क्रम दिसला की पट्टा म्हणतो, पडलं. आता भाकर आठवा. हात वरून खाली येतो, परातीत थाप बसते आणि तव्याकडे बघत आजी दोन क्षण थांबतात. आकड्यांना ते पडण्यासारखंच दिसलं. उलट भिंतीला धरून सावकाश खाली सरकण्यात ना हलकेपणा, ना दणका. आकड्यांना वाटलं, आजी बसल्या.

असल्या यंत्राला शिकवावं लागतं. शिकवतात कसं? पडण्याच्या हजारो नोंदी दाखवून. पण खऱ्या म्हाताऱ्या माणसांना कोण पाडणार? म्हणून अशा बऱ्याच नोंदी प्रयोगशाळेत तरुण स्वयंसेवकांनी गादीवर मुद्दाम पडून तयार केलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा गादीवर पडतो तशी सत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी बाई मोरीत पडत नाही. आणि त्या स्वयंसेवकांपैकी कोणी ज्वारीची भाकर थापली असेल, असं आम्हाला तरी वाटत नाही. ज्यांच्या जगण्याची नोंद नाही, त्यांचं जगणं यंत्र चुकीचं वाचतं.

हे एकाच पट्ट्यापुरतं नाही. कोरोनात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिलं. ते कातडीतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. २०२० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असताना ऑक्सिमीटर ठीक दाखवतं, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. कोविडच्या लाटेत आम्ही त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होतो. आजही बोटाचा आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतंय, असं दिसलं तर माणसाकडे बघा.

दुसरं उदाहरण हातमोज्यांचं. २०१६ साली अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी सेन्सर लावलेले हातमोजे बनवले. बहिऱ्या माणसाने ते घालून खुणांची भाषा वापरली की मोजे बिनतारी संदेश पाठवणार आणि संगणक ते शब्द बोलून दाखवणार. दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, सगळीकडे कौतुक झालं. बहिऱ्या लोकांनी मात्र हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की आमची भाषा नुसत्या बोटांत नाही. भुवई वर गेली की प्रश्न होतो, ओठ, मान, खांदे यांनी व्याकरण बनतं, आणि मोज्यांना यातलं काहीच दिसत नाही. शिवाय मोजे घालायचे आम्ही आणि सोय ऐकू येणाऱ्यांची. कोणी आम्हाला आधी विचारलं होतं का? हा प्रश्न आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून हे सगळं फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. लकव्यानंतर घरी आलेला माणूस आपल्याला विचारलं की सांगतो, "हो, हात हलवतो ना." पण दिवसभर चांगल्याच हाताने जेवतो, चांगल्याच हाताने दार उघडतो, आणि न वापरल्यामुळे दुबळा हात आणखी मागे पडतो. दोन्ही मनगटांवर पट्टे बांधले तर दुबळा हात दिवसात किती चालला ते खरंखुरं कळतं आणि फिजिओथेरपी करणाऱ्याला पुढचा व्यायाम ठरवता येतो. कंपवातात हात स्वस्थ असताना सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो. ती थरथर पट्टा आपल्या डोळ्यांपेक्षा नेमकी मोजतो, गोळीचा असर कधी उतरतो तेही दिसतं. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत डॉक्टरांना जे दिसत नाही, ते घरच्या दिवसभराच्या नोंदीत सापडतं.

आता त्या अडीच तासांकडे परत येऊ. आजी सावकाश सरकल्या म्हणून पट्ट्याला कळलं नाही, हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं फळीवर होतं, किंवा खरं म्हणजे फळीवर नव्हतं. मुलाचा मोबाइल बिघडला होता, म्हणून तो जुना मोबाइल खिशात घालून ऑटोवर गेला होता. बहुतेक पट्ट्यांत सिमकार्ड नसतं. पट्टा ब्लूटूथने जवळच्या मोबाइलला सांगतो, मोबाइल नेटवरून जगाला सांगतो. मोबाइल घराबाहेर गेला की पट्टा मुका. त्या दिवशी आजी धाडकन पडल्या असत्या तरी निरोप कुठेच गेला नसता. ही साधी गोष्ट नातवाला माहीत नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

पट्ट्यालाच सिम का नाही देत? बॅटरीमुळे. अशा लहान सेन्सरसाठी सगळ्यात खर्चिक काम म्हणजे रेडिओवरून निरोप पाठवणं. आकडेमोड त्यामानाने स्वस्त. काही सेन्सर नाण्याएवढ्या सेलवर चालतात, त्याची ताकद साधारण २२० मिलिअँपिअर-तास, आणि आपल्या मोबाइलची बॅटरी ५,००० ची. एवढ्याशा शिदोरीवर महिनोन्महिने काढायचे तर दिवसाचे ते कोटीभर आकडे पाठवून चालणार नाही. म्हणून आकड्यांचा अर्थ पट्ट्यातच लावतात आणि निकाल तेवढा पाठवतात. बाकी वेळ रेडिओ झोपलेला. आपली आशाताई प्रत्येक घराचा ताप मोजून दर वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात धावत नाही. घरोघरी मोजते, वहीत लिहिते, ज्याला ताप आहे त्याचंच कळवते. त्यातलाच हा प्रकार. घरात असे चार-पाच सेन्सर असले, एक मनगटावर, एक दाराला, एक खाटेखाली, तर त्यांचं मिळून बिनतारी जाळं होतं. शेतीत, कारखान्यात आणि पुलांवरही अशी जाळी असतात.

आता कुलपाचा विषय. बिनतारी निरोप हवेतून जातो आणि हवा सगळ्यांची असते. निरोप कुलूपबंद करून पाठवणं, म्हणजे एन्क्रिप्शन, आणि जोडलेला मोबाइल आपलाच आहे याची खात्री करणं, या दोन्हींना थोडी बॅटरी लागते, थोडा खर्च लागतो. स्वस्तातल्या वस्तूंत काटछाट होते ती नेमकी इथे. काही पट्टे जोडताना आकडा विचारतच नाहीत, जवळ असलेला कुठलाही मोबाइल जोडला जातो. सेन्सरवर आणखी एक मजेशीर पण दुष्ट हल्ला करता येतो. त्याला काहीच चोरायचं नसतं. बाहेरून सारखं "आहेस का, आहेस का" विचारत राहायचं, सेन्सरला झोपू द्यायचं नाही. दोन दिवसांत सेल खलास. रात्रपाळी केलेल्या कुणाही नर्सला हा हल्ला लगेच समजेल.

हृदयातल्या पेसमेकरलाही हा धोका असू शकतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांविषयी सूचना काढली. कोणी जवळून बिनतारी घुसलं तर बॅटरी लवकर संपवता येईल किंवा ठोके बदलता येतील, अशी फट सापडली होती. प्रत्यक्षात कुणाला तशी इजा झाल्याची नोंद नव्हती आणि उपायही ऑपरेशनशिवाय झाला. दवाखान्यात जाऊन सॉफ्टवेअर बदललं की काम झालं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी तर २००७ मध्येच त्यांच्या हृदयातल्या यंत्राची बिनतारी सोय बंद करायला लावली होती. आपल्याकडे ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. तपासणीची तारीख चुकवू नका, कार्ड जवळ ठेवा, एवढंच.

मनगटाच्या पट्ट्यातून काय चोरता येतं, असं कुणी विचारलं तर २०१६ चा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या आणि स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी घड्याळ घातलेल्या लोकांना एटीएमसारख्या बटणांवर पिन दाबायला लावला. घड्याळातल्या सेन्सरच्या नुसत्या आकड्यांवरून त्यांनी तो पिन पहिल्याच प्रयत्नात शंभरातून ऐंशी वेळा बरोबर ओळखला. जो हात भाकर थापतो, तोच पिन दाबतो. तेव्हापासून आम्ही बायांना सांगतो की पट्टा एका हातात असेल तर पैसे दुसऱ्या हाताने काढा.

आणि मग ती घड्याळं, जी आपण विकत घेत नाही, आपल्याला घालायला लावतात. नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं आली. कामगार कुठे आहे, ते दुसरीकडे बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं. चंदीगडमध्ये कामगारांनी विरोध केला. हे काम कोणत्या समाजाच्या माथी मारलं गेलं, ते इथे सांगत बसत नाही. आमच्या ओळखीची एक ताई असं घड्याळ घालते. लघवीला जाताना तिला ते काढून ठेवावंसं वाटतं, पण काढलं तर गैरहजेरी लागेल, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. एप्रिल-मे महिन्यात झाडूचं काम आणि पाणी नाही. दोनदा लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधं आम्हीच तिला आणून दिली. घड्याळ चार्ज करायचं विसरलं की मुकादमाची बोलणी वेगळी. बॅटरी कंपनीची, वीजबिल आपलं.

आम्हाला यातली गंमत म्हणू की चीड, कळत नाही. त्या चिपला उन्हात काम करणाऱ्या बाईचा हात मंदावतोय, ती अडखळतेय, हे ओळखायला शिकवता आलं असतं. ऊन लागण्याची ती खूण असू शकते. गटारात उतरलेल्या माणसाचं हालणं थांबलं तर बाहेर घंटा वाजेल, अशी सोय करता आली असती, गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी असली तरी तो उतरवला जातोच म्हणून. शिकवलं काय, तर बाई कुठे बसली आहे. यंत्र तेच, प्रश्न विचारणारा वेगळा.

कायद्याचं बोलायचं तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली हवी, ती परत घेणं दिल्याइतकंच सोपं हवं, आणि संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता आली पाहिजे, असं म्हटलं आहे. म्हणजे मराठीत. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवली आहे. सफाईच्या घड्याळाची गाठ तिथे बसते. त्यामुळे ते भांडण एकट्या ताईचं नाही, युनियनचं आहे. निदान लघवीच्या आणि जेवणाच्या वेळेला घड्याळ काढायची लेखी मुभा मागा, नोंदी किती दिवस ठेवता ते लेखी विचारा.

घरच्या पट्ट्याचं मात्र आपल्या हातात आहे. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, यात सिम आहे की मोबाइल लागतो. मोबाइल लागत असेल तर तो घरातच राहील, चार्ज राहील, हे ठरवा. जोडताना आकडा विचारतो का ते बघा. ॲपने फोटो, संपर्क, माइक मागितला तर नाही म्हणा, पडणं ओळखायला फोटो लागत नाहीत. पट्टा विकताना किंवा कुणाला देताना आतली नोंद पुसून टाका. आणि घेतल्यावर एकदा गादीवर मुद्दाम पडून बघा, घरातल्या तरुण पोराने, आजींनी नाही. निरोप गेला का, कुणाला गेला, किती वेळाने गेला.

पट्टा असो नसो, माणूस पडलेलं सापडलं तर लगेच ओढून उठवू नका. आधी बोला, नाव विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असेल तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी. तिथे मालिश नाही, ओढणं नाही, पांघरूण घाला आणि १०८ लावा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरं दिसत असलं तरी दवाखान्यात न्याच. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं तर ते पडणं नाही, लकवा आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा.

आजींच्या गल्लीत आता पाच बायांनी पाळी लावली आहे. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला कुणीतरी दारातून हाक मारते. आजींच्या गळ्यात शिट्टी आहे, मोरीच्या भिंतीला धरायला पाइप बसवला आहे. पट्टाही आहे. भाकर थापताना त्या तो काढून खिळ्याला लावतात, मोरीत जाताना न चुकता घालतात. मोबाइल फळीला दोरीने बांधून ठेवला आहे, मुलाने नेऊ नये म्हणून.

ज्यांच्या घरी असा पट्टा किंवा घड्याळ आहे, त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणावं. पट्टा, मोबाइल, चार्जिंगची वायर आणि डबा फेकला नसेल तर डबाही. आपली मुलं बसून तपासून देतील. पैसे लागत नाहीत.